स्पारिंगमधला मार: काय अंगवळणी पडतं आणि काय कधीच पडत नाही

२०२५ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच दिवशी झालेल्या दोन लढतींनंतर दोन जपानी बॉक्सर दगावले. शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा, दोघंही २८ वर्षांचे. कोतारी बाराच्या बारा फेऱ्या खेळला, लढत बरोबरीत सुटली आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपली. उराकावा आठव्या फेरीत नॉकआउट झाला. दोघांच्याही कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. दोघांवर शस्त्रक्रिया झाली आणि एका दिवसाच्या अंतरानं दोघंही गेले. जपान बॉक्सिंग कमिशननं लगेच ओरिएंटल अँड पॅसिफिक बॉक्सिंग महासंघाच्या विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या.

पुढच्याच महिन्यात लिव्हरपूलच्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत जॅस्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी भारतासाठी सुवर्णपदकं जिंकली. ज्या घरातलं पोरगं किंवा पोरगी संध्याकाळी बॉक्सिंगच्या, कराटेच्या नाहीतर तायक्वांदोच्या क्लासला जाते, त्या घरात या दोन्ही बातम्या पोचतात. आई विचारते, 'तोंडावर मार लागला तर?' क्लासमधून उत्तर येतं, 'काळजी करू नका, सवय होते.'

हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात जिवावर बेतू शकतं. भीती कमी होते, श्वास ताब्यात राहतो, कातडीचं आणि स्नायूंचं दुखणं सोसायला जमतं. हे सगळं सरावानं कमावता येतं आणि कमवावंही. कवटीच्या आत जे आहे त्याला मात्र मार खायची सवय होत नाही, कितीही वर्षं खाल्ला तरी. पुढचा सगळा लेख या एका फरकाबद्दल आहे.

## स्पारिंग म्हणजे काय

जोडीदाराबरोबर, ठरलेल्या नियमांत आणि ठरलेल्या जोरात केलेला सराव म्हणजे स्पारिंग. कराटेवाले त्याला कुमिते म्हणतात. सरावाची टांगलेली बॅग उलटून मारत नाही. ठोसे झेलायला हातात पॅड धरणारे सर फार तर एखादी टपली देतात. स्पारिंगमध्ये समोरचा खरोखर आपल्याला लावायला बघत असतो, आणि बचाव इथंच शिकता येतो. त्यात कुणी जिंकत नाही.

लढतीला पंच असतो, डॉक्टर असतो, वजनगट असतो आणि ती वर्षातून मोजक्या वेळा होते. स्पारिंग दर आठवड्याला होतं, अनेकदा दोन-तीनदा. म्हणजे एखाद्या खेळाडूच्या डोक्यानं आयुष्यभरात झेललेल्या ठोशांचा हिशोब मांडायला बसलं, तर मोठा आकडा सरावाच्या खात्यात निघतो. टीव्हीवर दिसतात त्या लढती. धोका त्यामानानं साध्या मंगळवारच्या संध्याकाळी जास्त साठत जातो.

## पहिला ठोसा नाकावर बसतो तेव्हा

नवशिक्याला पहिला जॅब लागताना नीट बघा. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. तो नाकावर टेकला रे टेकला की डोळे गच्च मिटतात, मान एका अंगाला वळते, दोन्ही हात ताठ होऊन पुढे येतात आणि श्वास छातीत अडकतो. पावलं सरळ मागे पडत जातात आणि पाठ रिंगच्या दोरांना लागते. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागतं.

या पाण्याबद्दल आधी बोलू, कारण त्यामुळे किती तरी मुलं दुसऱ्या दिवशी क्लासला येत नाहीत. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी मोठी चेता आहे, तिच्या शाखा नाकातही आहेत आणि डोळ्यांभोवतीही. नाक ठेचलं की त्या चेतेच्या वाटेनं अश्रुग्रंथींना आपोआप हुकूम सुटतो. यात रडण्याचा, घाबरण्याचा काही संबंध नाही. जागतिक विजेत्याच्या नाकावर बसला तरी त्याचे डोळे वाहतात. 'रडला रे' असं कुणी म्हणालं तर सरांनी तिथल्या तिथे थांबवून हे सगळ्यांना सांगायला हवं.

आता बाकीच्या गोष्टी. डोळे मिटणं, मान वळवणं, अंग आक्रसणं ही शरीराची जन्मजात प्रतिक्रिया आहे. चेहऱ्याकडे झपकन काही आलं की सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत पापणी मिटते. विचार करून हालचाल करायला मात्र साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि चांगला जॅब तोपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे 'ठोसा दिसला की बाजूला हो' हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी पाळता येत नाही. मुरलेले बॉक्सर ठोसा बघून हलत नाहीत. ते त्याआधीचं बघतात: समोरच्याचा खांदा किंचित उचलला जातो, पुढच्या पायावर वजन येतं, अंतर एका पावलानं कमी होतं. डोळे उघडे असतील तरच हे वाचता येतं.

डोळे मिटण्याचं खरं नुकसान इथं आहे. पहिला ठोसा बहुधा हलकाच असतो. मिटलेल्या डोळ्यांमुळे न दिसलेला दुसरा जास्त घात करतो, कारण येणारा मार दिसला तर मानेचे स्नायू आपोआप ताठ होतात आणि दिसला नाही तर डोकं सैल असतानाच उडतं.

## भीती कशी मोडायची

धाडसानं मोडत नाही. नवशिक्याला थेट एखाद्या दांडग्यासमोर उभं करून 'दोन खा, मग समजेल' म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि मला ती पद्धत मनापासून चुकीची वाटते. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की रिंग ही घाबरण्याची जागा आहे. पुढच्या वेळी पापणी आणखी लवकर मिटते.

जी पद्धत चालते ती कंटाळवाणी आहे. आधी जोडीदार फक्त खांद्यावर आणि पोटावर उघड्या तळव्यानं टपल्या देतो, आणि आपण नुसतं उभं राहून त्या खातो, श्वास सोडत. मग तो आपल्या गार्डवर, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या ग्लोव्हजवर, हळू जॅब टाकतो. आपलं काम एकच: डोळे उघडे ठेवायचे आणि हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवायची. मग फक्त जॅबची फेरी, दोघांनीही तेवढंच वापरायचं. मग फक्त धडावरचं स्पारिंग, डोकं पूर्ण वर्ज्य. हे सगळं जमल्यावर डोक्याला स्पर्श होईल एवढ्या जोराचं. 'स्पर्श' हाच शब्द धरून चाला. घाम पुसला गेला असं वाटावं, मान हलू नये.

या पायऱ्या चढताना मेंदूला पुन्हा पुन्हा एकच पुरावा मिळत जातो: काहीतरी चेहऱ्याकडे आलं, लागलं, आणि मी ठीक आहे. काही आठवड्यांत पापणी उघडी राहायला लागते. हीच ती सवय, आणि ती पूर्णपणे खरी आहे. वेदनेचंही थोडं असंच आहे. खेळाडूंची आणि इतरांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे की दुखणं सोसण्याची क्षमता खेळाडूंमध्ये जास्त असते. दुखायला लागतं तो बिंदू किती वेगळा असतो, याबद्दल चित्र तेवढं स्पष्ट नाही. म्हणजे दुखतंच. त्या दुखण्याशी आपण वागतो कसं, ते बदलतं.

मार बसल्यावर रागही येतो, आणि तो भीतीपेक्षा महाग पडतो. लागलेल्या ठोशाचं उत्तर तत्क्षणी द्यायला गेलं की हात खाली येतात आणि तोंड उघडं पडतं. माझा साधा नियम आहे: लागलं की आधी हात जागेवर, मग श्वास बाहेर, मग एक पाऊल तिरकं बाजूला. परतफेड त्यानंतर, आणि सुचली तरच. राग गेला नाही तर फेरी थांबवावी. जोडीदाराला 'जरा हलकं घे' म्हणण्यात कमीपणा नाही. नव्या मुलांना तंत्राच्याही आधी हे वाक्य बोलायला शिकवावं.

## धडावरचा मार: श्वास आणि यकृत

धडावर बसणाऱ्या माराला शरीर बऱ्यापैकी तयार करता येतं. ठोसा येताना पोट आवळायचं आणि नाकातोंडातून 'स्स' असा छोटा उच्छ्वास टाकायचा. श्वास कोंडून धरला असेल तर छाती-पोट फुगलेलं आणि ताठर असतं, आणि मार आत पोचतो. दात माउथगार्डवर, म्हणजे दातांवर बसवायच्या मऊ कवचावर, घट्ट मिटलेले हवेत. उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा जबडा मोडू शकतो आणि जीभ चावली जाते ती वेगळीच.

छातीच्या हाडाखालच्या खळगीत बसला तर 'वारा निघून जातो'. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास ओढणारा स्नायू, काही क्षण आकडीत जातो. हवा आत घ्यावीशी वाटते आणि घेता येत नाही. मरतोय असं वाटतं, पण हे आपलं आपण सुटतं. धडपडून हवा ओढण्यापेक्षा पुढे वाकावं, पोट सैल सोडावं आणि आधी असेल तेवढा श्वास बाहेर टाकावा.

यकृताचा ठोसा वेगळ्याच जातीचा. यकृत उजव्या बाजूला बरगड्यांच्या खालच्या कडेशी असतं, म्हणून समोरच्याचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं येणारा ठोसा, तिथं बरोबर पोचतो. लागल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही. माणूस उभा असतो, कधी एखादं पाऊल पुढेही टाकतो. मग आतून कळ उठते, पाय आपोआप दुमडतात आणि तो गुडघ्यावर येतो, पूर्ण शुद्धीत. २००४ मध्ये बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्सनं ऑस्कर दे ला होया याला नवव्या फेरीत असाच खाली बसवला. दे ला होयाचं डोकं शाबूत होतं, उठायची इच्छाही होती, शरीर ऐकत नव्हतं. इथं जिद्द कमी पडली असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण रक्तदाब आणि नाडी सांभाळणारी यंत्रणाच त्या धक्क्यानं गडबडते.

यावर उपाय एकच, उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवणं. मार बसल्यावर थोड्या वेळात बरं वाटायला हवं. पोटदुखी वाढत गेली, चक्कर येत राहिली किंवा लघवीतून रक्त गेलं तर ते अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

## डोक्याच्या आत काय होतं

घट्ट विरजलेल्या दह्याचा स्टीलचा डबा डोळ्यांपुढे आणा. डबा सरळ पुढे-मागे सरकवला तर दही फारसं बिघडत नाही. तोच डबा गर्रकन फिरवून झटक्यात थांबवला, तर डब्याला पोचा येत नाही, झाकण जागेवर राहतं, पण आत कडेचं दही सुटतं, मध्ये चिरा पडतात आणि पाणी सुटतं.

मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, फार मऊ आणि कवटीत द्रवानं वेढलेला असतो. सरळ आलेला धक्का वाईट, पण डोकं गर्रकन फिरवणारा धक्का जास्त वाईट. हनुवटी डोक्याच्या टोकाला आहे, त्यामुळे तिथं बाजूनं बसलेला हूक डोकं मानेवर फिरवतो. आत चेतातंतू ताणले जातात, पेशींमधला क्षारांचा तोल जातो, आणि तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, नेमकी अशा वेळी जेव्हा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. याला वैद्यकात कन्कशन म्हणतात. पुढे मी नुसतं 'हादरा' म्हणेन.

हादऱ्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. डोकं जड होणं, मळमळ, उजेड किंवा आवाज नकोसा वाटणं, तोल जाणं, दुहेरी दिसणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, झोप बिघडणं, यातलं एकही लक्षण मार बसल्यानंतर दिसलं तरी तो हादरा समजूनच वागावं. काही लक्षणं दुसऱ्या दिवशी उमटतात. सीटी स्कॅन अशा वेळी बहुधा स्वच्छ येतो. तो रक्तस्राव शोधण्यासाठी असतो, ताणलेले तंतू त्यात दिसत नाहीत. 'स्कॅन नॉर्मल आहे, खेळू दे' हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

टोकियोत झालं ते याच्याही पुढचं. मेंदूच्या पृष्ठभागापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा असतात. मेंदू आत फिरला की त्या तुटू शकतात, रक्त साचत जातं आणि मेंदू दाबला जातो. माणूस आधी चालता-बोलता असू शकतो आणि नंतर ढासळू शकतो.

आता 'सवय' या शब्दाकडे परत येऊ. कातडी घासली की जाड होते. स्नायू ताणले की मजबूत होतात. हाडांवर भार आला की तीही घट्ट होतात. मेंदूच्या पेशींकडे असा कुठलाच मार्ग नाही. उलट एक हादरा पूर्ण भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो हलका असूनही जास्त नुकसान करतो, आणि क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येऊन मृत्यू ओढवतो. 'याचं डोकं दगडाचं आहे, याला काही होत नाही' असं ज्याच्याबद्दल कौतुकानं बोललं जातं, त्याला थांबवायची गरज सगळ्यांत जास्त असते.

लांबचा हिशोबही आहे. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या अडखळत्या चालीचं आणि जड जिभेचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं होतं. पुढे २००५ मध्ये बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका माजी खेळाडूच्या मेंदूत अशाच जातीची हानी दाखवली आणि विषय बॉक्सिंगच्या बाहेर गेला. आज एवढं कळलं आहे की लक्षणं न देणारे हलके धक्केसुद्धा वर्षानुवर्षं बसत राहिले तर मोजले जातात. एका मोठ्या नॉकआउटपेक्षा हजारो 'काही नाही रे, चालू दे' जास्त महाग पडू शकतात.

## 'हेडगिअर घातलं की झालं ना?'

नाही. हेडगिअरमुळे, म्हणजे डोक्यावरच्या जाड संरक्षक टोपामुळे, भुवई फाटणं, कान सोलवटणं, दोघांची डोकी आपटून जखम होणं कमी होतं. त्यासाठी ते जरूर घालावं. पण दह्याच्या डब्याला टॉवेल गुंडाळला तरी डबा फिरवल्यावर आतलं दही फिरणारच. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये हेडगिअर सक्तीचं होतं. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं वरिष्ठ पुरुष गटातून ते काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना खेळले. त्यानंतर चेहऱ्यावरच्या जखमा वाढल्या. ते असताना हादरे थांबत होते, असं मात्र कुणी दाखवू शकलेलं नाही.

ग्लोव्हजचंही तसंच. मोठ्या माणसांच्या स्पारिंगला १६ औंसाचे, म्हणजे प्रत्येकी साडेचारशे ग्रॅमच्या आसपासचे, जाड ग्लोव्हज वापरतात. त्यांनी मार पसरतो, कापलं जात नाही, आणि मारणाऱ्याच्या बोटांची हाडं वाचतात. हात दुखत नाहीत म्हणून माणूस डोक्यावर बिनधास्त मारतो, ही त्याची दुसरी बाजू. माउथगार्ड दात आणि ओठ वाचवतो. त्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. संरक्षक साहित्याचा सगळ्यांत मोठा तोटा मला हा वाटतो की ते चढवलं की दोघांचाही हात जड होतो.

## 'हलकं खेळून खऱ्या लढतीत निभाव कसा लागणार?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे त्यानं खऱ्या वेगाचा अनुभव आधी घ्यायलाच हवा, नाहीतर पहिल्याच फेरीत तो हबकेल. पण वेग आणि जोर वेगळे करता येतात. ठोसा पूर्ण वेगानं टाकून टेकण्याआधी सैल सोडता येतो. हे अवघड आहे, आणि ज्याला जमतं त्याचं तंत्र बहुधा जास्त चांगलं असतं. धडावर जोर वाढवता येतो. डोक्यावर जोराचं स्पारिंग फक्त स्पर्धकांनी करावं, तेही स्पर्धेच्या तयारीत, मोजून आणि सरांच्या डोळ्यांदेखत.

थायलंडमधले मुए थायचे, म्हणजे तिथल्या ठोसे-लाथांच्या पारंपरिक खेळाचे, व्यावसायिक खेळाडू याचं चांगलं उदाहरण आहेत. ते वर्षभर इतक्या लढती खेळतात की सरावात एकमेकांना दुखवणं त्यांना परवडतच नाही. त्यांचं स्पारिंग बघितलं तर खेळकर वाटतं. यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या मोठ्या स्पर्धेचा माजी विजेता मॅक्स होलोवे यानं तर लढतीच्या तयारीतून स्पारिंगच वगळल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतरही तो वरच्या पातळीवर लढत राहिला. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमीत थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो, तो डाव शिकावा म्हणून जागा देतो, त्यामागे हीच समज आहे. वस्तादाला उद्याचा पैलवान हवा असतो, आज आपटलेला पोरगा नको असतो.

## 'मान कमावली तर?'

थोडा फायदा आहे. मजबूत मान डोकं कमी फिरू देते, आणि अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंवरच्या एका मोठ्या अभ्यासात मानेची ताकद जास्त असलेल्यांना हादरे कमी झाल्याचं आढळलं होतं. मानेचे व्यायाम करावेतच, सावकाश आणि कुणीतरी शिकवल्यावर. पण ठोसा दिसला नाही तर मान ताठ करायला वेळच मिळत नाही.

## 'आमच्या कराटेत तोंडावर मारतच नाहीत'

मासुतात्सू ओयामा यांच्या क्योकुशिन शैलीत हातानं तोंडावर मारायला बंदी आहे, पण डोक्यावर लाथ चालते. तायक्वांदोत डोक्यावरच्या लाथेला धडावरच्या लाथेपेक्षा जास्त गुण मिळतात, म्हणून मुलं तिथंच नेम धरतात. ज्युदोत ठोसे नाहीत, पण पडताना हनुवटी छातीला लावली नाही तर डोकं मॅटवर मागे आपटतं. त्यामुळे शैलीचं नाव ऐकून निर्धास्त होऊ नये. आपल्या क्लासमध्ये डोक्याला धक्का नेमका कशानं बसू शकतो, ते विचारावं.

## डोक्याला लागल्यावर पहिले दोन दिवस

शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. 'दोन मिनिटं बसतो आणि येतो' हे चालत नाही. पाणी प्यावं, कुणाच्या तरी नजरेसमोर बसावं, आणि घरी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. घरच्यांना काय झालं ते सांगावं, कारण रात्री लक्ष तेच ठेवणार आहेत. नाकातून रक्त येत असेल तर मान मागे टाकू नये. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावा. डोकेदुखीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण आत रक्तस्राव होत असला तर ती औषधं तो वाढवू शकतात.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, हातापायात बळ कमी वाटलं, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसली, झटका आला किंवा झोपेतून जागं करता येईना, तर सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा आणि जिथं सीटी स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात जावं.

तसं काही नसेल तर पहिले २४ ते ४८ तास सावकाश घ्यावेत. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा सल्ला आता जुना झाला. घरातल्या घरात चालणं, हलकी कामं चालतात, मोबाइल मात्र कमी बघावा. मग एक एक पायरी: चालणं-सायकल, मग एकट्यानं हवेत ठोसे मारायचा सराव, म्हणजे शॅडो, मग बॅग आणि पॅड. दोन पायऱ्यांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा, आणि लक्षण वाढलं तर एक पायरी खाली यावं. शाळा-कॉलेज नीट सुरू होणं स्पारिंगच्या आधी. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरू नका असं म्हटलं आहे. स्पारिंगलाही तोच नियम लावावा असं माझं मत आहे, आणि परतण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

## 'मग लहान मुलांना पाठवूच नये का?'

२०११ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून मुलांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध केला, कारण त्यात डोक्यावर मारणं हेच उद्दिष्ट असतं. हे मत गंभीरपणे घ्यायला हवं. माझ्या मते मधला रस्ता आहे. पायांच्या हालचाली, बॅग, पॅड, दोरीच्या उड्या, काता म्हणजे कराटेतल्या एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली, ठरवून केलेल्या जोडीच्या कवायती यांतून मुलांना दम, तोल, शिस्त आणि आत्मविश्वास सगळं मिळतं, आणि डोक्याला धक्का लागत नाही. डोक्यावरचं स्पारिंग पुढे ढकलल्यानं कुणी मागे राहत नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या पदकांपेक्षा एका स्पारिंगच्या संध्याकाळी कोपऱ्यात बसून बघा. सर फेरीच्या मध्ये ओरडून जोर कमी करायला लावतात का, की 'मार, मार' म्हणतात? मोठा मुलगा लहानाबरोबर खेळताना हात सोडून देतो का? कुणी 'बास' म्हणालं तर लगेच थांबतात का? मग सरांना सरळ विचारा, 'डोक्याला लागलं म्हणून गेल्या वर्षभरात कुणाला घरी बसवलंत का, आणि किती दिवस?' ज्यांना तो मुलगा, तो दिवस आणि तो परत कधी आला हे सगळं आठवतं, त्यांच्याकडे नाव घाला.